फ्लॅग पडला म्हणजे हरलोच का?

बेळगावच्या शहापुरातल्या एका मंगल कार्यालयात रविवारची बुद्धिबळाची स्पर्धा होती. माझा भाचा तेव्हा दहा वर्षांचा. पंधरा मिनिटांचा डाव, इन्क्रिमेंट (दर खेळीला मिळणारे जादा सेकंद) नाही. पटावर त्याचा एकटा राजा उरलेला, समोरच्याकडे वजीर आणि दोन प्यादी. समोरचा पोरगा संकेश्वरकडचा. मात कशी करायची तेच त्याला सुचेना. वजीर नुसता इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी त्याच्या घड्याळात ०:०० दिसलं, म्हणजे वेळ संपली, फ्लॅग पडला. भाच्यानं हात वर केला आणि लांबूनच माझ्याकडे बघून ओठ हलवले, "मामा, जिंकलो!"

पंच धारवाडचे. त्यांनी घड्याळ बघितलं, मग पट बघितला आणि म्हणाले, "टाइम मुगीत्री. आदरे ड्रॉ." वेळ संपली, पण डाव बरोबरीत. दोघांना अर्धा-अर्धा गुण. दोन्ही पोरं रडवेली झाली. एकाला वाटलं वजीर असून आपल्याला लुटलं, दुसऱ्याला वाटलं वेळ समोरच्याची संपली तरी आपल्याला लुटलं.

घरी गल्लीत खेळून तयार झालेली मुलं (आणि मोठी माणसंही) पहिल्यांदा घड्याळाच्या स्पर्धेला उतरतात तेव्हा इथेच अडखळतात. कट्ट्यावर आपण घड्याळ लावत नाही, शिवाय राजाला एकदा घोड्याची उडी, प्यादं ज्या घरात पोचेल तिथलंच मोहरं, असे आपले घरचे नियम असतात. स्पर्धेत फिडेचे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे) नियम चालतात, मग स्पर्धा बेळगावात असो, खानापुरात असो की निपाणीत. घड्याळाबाबत तिथे नेमकं काय होतं ते ज्या क्रमानं समोर येतं त्याच क्रमानं सांगतो.

बसण्याआधी: किती वेळ, कसा वेळ

पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी पंच घोषणा करतात. ती ऐकायची. आपल्याकडे ही घोषणा बहुधा कन्नड आणि इंग्रजीत होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या स्पर्धेत मराठीत, गोव्यात कोंकणी-इंग्रजीत. कळली नाही तर सरळ टेबलापाशी जाऊन मराठीत विचारा, कुणी खात नाही. बिळी म्हणजे पांढरी, कप्पु म्हणजे काळी, वेळे म्हणजे वेळ, एवढं कानाला ओळखीचं असलं तरी पुरतं.

विचारायचं ते असं: प्रत्येकाला किती मिनिटं? दर खेळीला सेकंद मिळतात का? ठरावीक खेळ्यांनंतर जादा वेळ आहे का? आणि उशीर झाला तर किती मिनिटांपर्यंत चालतं?

"१५ अधिक १०" म्हणजे प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंदांची भर. हे इन्क्रिमेंट. साठ खेळ्यांचा डाव धरला तर दहा मिनिटं जास्तीची मिळतात. डाव रॅपिड की ब्लिट्झ हेही याच साठ खेळ्यांच्या हिशेबानं ठरतं. एकूण दहा मिनिटं किंवा त्याहून कमी तर ब्लिट्झ, दहापेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी तर रॅपिड, साठ किंवा वर गेलं की क्लासिकल. जागतिक रॅपिड स्पर्धा १५ अधिक १० वर होते, ब्लिट्झ ३ अधिक २ वर. गावोगावच्या स्पर्धांत मात्र इन्क्रिमेंट नसलेला सुटा वेळ अजून बराच चालतो, आणि वेळेवरून होणारी भांडणं जास्त करून तिथलीच.

माझीच फजिती सांगतो. एका स्पर्धेत घोषणा चालू असताना मी डबा कुठे ठेवावा याच्या शोधात होतो. मागच्या वर्षी इन्क्रिमेंट होतं म्हणून यंदाही असणारच, असं गृहीत धरून निवांत खेळलो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा लक्षात आलं की बटण दाबल्यावर आकडा वाढतच नाहीये. एक प्यादं जास्त असलेला हत्तीचा डाव वेळेवर घालवला.

यात मी एकटा नाही. २०१५ च्या नॉर्वे चेसमध्ये पहिल्याच फेरीत मॅग्नस कार्लसन टोपालोवविरुद्ध जिंकत आलेला डाव वेळेवर हरला. साठाव्या खेळीनंतर जादा वेळ मिळेल असं त्याला वाटत होतं, त्या स्पर्धेत तो नव्हताच. पंच हे समजावून सांगत होते तेव्हा तो पोचलाच नव्हता. जगज्जेत्याला शून्य, तेही त्याच्याच देशात.

उशिराचंही तसंच. फेरी सुरू झाली की तुम्ही असा-नसा, घड्याळ चालू होतं. टिळकवाडीत रेल्वे गेटवर अडकलो होतो हे पंचांना सांगून गेलेली मिनिटं परत येत नाहीत. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलात तर एकही खेळी न करता डाव जातो. तुम्ही काळ्यांनी आहात आणि समोरचा आलेला नाही, तर फेरी सुरू झाल्याचं जाहीर होताच त्याचं घड्याळ चालू करून द्या. संकोच करू नका, नियमच तो आहे.

डाव चालू असताना: हात आणि बटण

ज्या हातानं खेळी केली त्याच हातानं बटण दाबायचं. उजव्या हातानं घोडा आणि डाव्या हातानं घड्याळ, हे चालत नाही. बटणावर बोट ठेवून बसायचं नाही, वर हात तरंगत ठेवायचा नाही. मोहऱ्यांना धक्का लागून ती पडली तर आपल्याच वेळेत ती उभी करायची. पाडायची, बटण दाबायचं आणि "उचल तू" म्हणायचं, हे खपत नाही.

किल्लेदारीला काही जण राजा आणि हत्ती दोन हातांनी एकदम उचलतात. दोन हातांनी खेळी करून बटण दाबलं तर ती बेकायदा खेळीसारखी धरली जाते. खेळी न करता नुसतं बटण दाबलं तरी तेच. पहिल्या बेकायदा खेळीला समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात, ब्लिट्झमध्ये एक मिनिट. त्याच खेळाडूकडून दुसऱ्यांदा झालं की डाव गेला. वेळ कमी उरल्यावर हे फार होतं, कारण शह बसलाय हेच दिसत नाही.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि टेबलावर वजीर नाही, तर हत्ती उलटा ठेवून "वजीर, वजीर" म्हणू नका. गल्लीत चालतं. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच. २०१७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या ब्लिट्झ टायब्रेकमध्ये (बरोबरी तोडायच्या जलद डावात) नोरित्सिन या खेळाडूनं घाईत हेच केलं. पंचांनी तो हत्ती धरला आणि त्याच्या हातून डाव आणि विजेतेपद दोन्ही गेलं. अशा वेळी घड्याळ थांबवायची मुभा आहे. दोन्ही बाजू थांबवा, हात वर करा, वजीर मागून घ्या, मग पुढे. पंचांची मदत हवी असेल तेव्हाच घड्याळ थांबवता येतं हे मात्र विसरू नका. पाणी प्यायला किंवा विचार करायला नाही.

खेळ्या लिहिण्याचं काय? क्लासिकल डावात लिहाव्याच लागतात. पण घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली आणि दर खेळीला तीस सेकंद मिळत नसतील, तर लिहिणं थांबवता येतं.

फ्लॅग पडला

जुन्या चावीच्या घड्याळात लाल पातं मिनिटकाट्यानं उचललं जायचं आणि बाराला खाली पडायचं, म्हणून "फ्लॅग पडला". आता डिजिटल घड्याळात शून्य दिसतं, पण शब्द तोच राहिला.

समोरच्याचा फ्लॅग पडलेला दिसला तर घड्याळ थांबवा, हात वर करा, "टाइम" म्हणा. मोहरी हलवू नका, हात मिळवू नका, निकालाच्या कागदावर सही करू नका. पंचांनी स्वतः बघितलं तर ते स्वतःच डाव थांबवतात. बाजूला उभे असलेले आईवडील, मामा, मित्र यांनी तोंड उघडायचं नाही. मला हे जमायला दोन वर्षं लागली.

एक बारीक गोष्ट. फ्लॅग पडला असं तेव्हाच मानतात जेव्हा पंचांना ते दिसतं किंवा खेळाडू योग्य दावा करतो. त्याआधी पटावर कायदेशीर मात झाली, तर मात खरी. मात झाली की डाव तिथेच संपतो, बटण दाबायचीही गरज नाही. स्टेलमेटचंही (शह नाही, पण कायदेशीर खेळीच उरलेली नाही) तसंच. म्हणून "मी मात केली पण बटण दाबायच्या आत टाइम गेला" असं कुणी रडत आलं, तर त्याला सांगा, तू जिंकलायस.

दोघांचेही फ्लॅग पडलेले असले तर? डिजिटल घड्याळ आधी कुणाचा पडला ते दाखवतं. चावीच्या घड्याळात ते कळायला मार्ग नाही, आणि डावाचा तो शेवटचा टप्पा असेल तर बरोबरी. अशी घड्याळं अजून काही मंडळांच्या कपाटात आहेत. १९४२ च्या अमेरिकन अजिंक्यपदात रेशेव्हस्कीचा फ्लॅग पडला होता. पंचांनी घड्याळ मागच्या बाजूनं उचलून बघितलं, डावं-उजवं उलटं झालं आणि त्यांनी समोरच्या डेंकरलाच हरलेला ठरवलं. चूक दाखवून दिल्यावरही निर्णय बदलला नाही. तेव्हा पंच घड्याळ उचलताना तुमचंही लक्ष असू द्या.

निकाल: खरा प्रश्न पटावर आहे

साधारण नियम सोपा आहे. ज्याची वेळ संपली तो हरला. पण त्याला एक अपवाद जोडलेला आहे आणि सगळी गंमत त्यातच आहे. समोरच्याला कायदेशीर खेळ्यांच्या कुठल्याही क्रमानं तुमच्या राजाला मात करणं शक्यच नसेल, तर डाव बरोबरीत.

"कुठल्याही क्रमानं" हे शब्द नीट वाचा. मात जबरदस्तीनं करता येते का, असा प्रश्न नाही. शहाणा खेळाडू अशी मात होऊ देईल का, असाही नाही. दोघांनी मिळून अगदी मूर्खासारखं खेळून तरी मात होऊ शकते का, एवढंच बघायचं. होऊ शकत असेल, तर ज्याचा फ्लॅग पडला तो हरला.

भाच्याच्या डावात त्याच्याकडे एकटा राजा. एकट्या राजानं कधीच मात होत नाही. म्हणून समोरच्याची वेळ संपूनही भाचा जिंकू शकला नाही.

आता दुसरी बाजू. काही महिन्यांनी कोल्हापूरच्या स्पर्धेत भाच्याकडे वजीर आणि हत्ती, समोरच्याकडे राजा आणि कडेचं एक प्यादं. भाच्याचा फ्लॅग पडला. तो हसत हसत आला, "ड्रॉ ना मामा? त्याच्याकडे काहीच नव्हतं." मी म्हटलं, "प्यादं होतं ना?" प्यादं शेवटच्या घरात गेलं की वजीर होतो, आणि राजा-वजिरानं मात होते. तो ते प्यादं तिथवर नेऊ शकला असता का, हे कुणी विचारत नाही. पूर्ण गुण समोरच्याला. गाडी कागलपर्यंत येईतो पोरगा एक शब्द बोलला नाही.

घोड्याचा किस्सा तर मोठ्यांनाही पटत नाही. समजा पांढऱ्याकडे राजा आणि हत्ती, काळ्याकडे राजा आणि एकच घोडा. पांढऱ्याची वेळ संपली. एकट्या घोड्यानं मात होत नाही असं आपण पाठ केलेलं असतं, म्हणून सगळे बरोबरी म्हणतात. आता पट काढा आणि मांडा: पांढरा राजा एच१, पांढरा हत्ती जी१, काळा राजा एच३, काळा घोडा एफ२. घोड्याचा शह आहे. राजाला जी१ वर आपलाच हत्ती आडवा, जी२ आणि एच२ काळ्या राजाच्या ताब्यात. हत्तीला घोडा मारता येत नाही. मात. पांढऱ्यानं आपल्याच राजाची वाट अडवली तरच हे होतं, पण होऊ शकतं. म्हणून फिडेच्या नियमात पांढरा हरला.

आता त्या हत्तीच्या जागी वजीर ठेवा. जी१ वरचा वजीर तिरका जाऊन एफ२ वरचा घोडा मारतो. एकटा घोडा विरुद्ध फक्त राजा-वजीर अशा स्थितीत मात कशीही मांडता येत नाही, म्हणून तिथे बरोबरी. म्हणजे हत्ती असताना वेळ गेली तर हार, आणि त्याहून ताकदवान वजीर असताना गेली तर अर्धा गुण! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी आठ-दहा वेळा मोहरी मांडून बघितली, मगच विश्वास बसला.

एकटा उंट विरुद्ध फक्त राजा-हत्ती: बरोबरी, कारण उंटाचा शह हत्तीला मध्ये येऊन तोडता येतो. तोच उंट राजा आणि घोडा किंवा राजा आणि प्यादं यांच्याविरुद्ध असेल, तर मात मांडता येते. दोन घोडे विरुद्ध एकटा राजा: जबरदस्तीनं मात होत नाही, पण समोरच्यानं चूक केली तर होते, म्हणून ज्याच्याकडे एकटा राजा आहे त्याची वेळ संपली तर तो हरला. आणि सगळी प्यादी एकमेकांत अशी अडकली आहेत की कुणालाच कुठूनही आत शिरता येत नाही, तर ती मेलेली स्थिती. ती पटावर आली त्या क्षणीच डाव बरोबरीत संपलेला असतो, पुढे घड्याळ काहीही दाखवो.

पंचांचं म्हणणं पटलं नाही तर आवाज न चढवता "मात मांडून दाखवा" असं विचारायला हरकत नाही. चांगले पंच दाखवतात.

मोबाइलवर वेगळं का होतं

मुलं घरी मोबाइलवर खेळतात आणि तिथला नियम डोक्यात घेऊन स्पर्धेला येतात. चेस डॉट कॉमवर समोरच्याकडे राजा आणि एकच घोडा किंवा एकच उंट उरला असेल, तर तुमची वेळ संपली तरी बरोबरी देतात, तुमच्याकडे काहीही असो. लिचेस हे दुसरं ॲप फिडेच्या नियमाजवळ जातं. वरचा हत्ती-घोड्याचा डाव एका ठिकाणी अर्धा गुण देईल, दुसऱ्या ठिकाणी शून्य. म्हणून "ॲपवर तर ड्रॉ झाला असता" हा युक्तिवाद पंचांपुढे नेऊ नका. आणि करंट जाऊन वायफाय गेलं तरी तिकडे तुमचं घड्याळ चालूच राहतं. पावसाळ्यात खानापूरकडच्यांना हे वेगळं सांगायला नको.

वेळ उरावी म्हणून

दोन-तीन गोष्टी मला उपयोगी पडल्या. पंधरा मिनिटांच्या डावात पहिल्या दहा-बारा खेळ्यांना तीन मिनिटांपेक्षा जास्त घालवायची नाहीत. समोरचा विचार करत असताना आपणही करायचा, हॉलभर फिरत दुसऱ्यांचे डाव बघायचे नाहीत. आणि दोन मिनिटं उरली की सुंदर खेळी शोधणं बंद, सुरक्षित खेळी चालू.

बरोबरी मागायची असेल तर आधी खेळी करा, मग विचारा, मग बटण दाबा. समोरचा नुसता तुमची वेळ संपायची वाट बघत मोहरी हलवतोय असं वाटलं तर? क्लासिकलमध्ये इन्क्रिमेंट नसेल तर दोन मिनिटांहून कमी वेळ उरल्यावर पंचांकडे दाद मागायची सोय आहे, पण ती त्या स्पर्धेत आधी जाहीर केलेली असेल तरच. रॅपिड-ब्लिट्झमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

सगळ्यात जास्त गुण मात्र साधी मात करता न आल्यानं जातात. राजा-वजिरानं जास्तीत जास्त दहा खेळ्यांत मात होते, राजा-हत्तीनं सोळा खेळ्यांत. अर्थात अचूक खेळलं तर. संकेश्वरच्या त्या पोराला हे हातात बसलेलं असतं तर वजीर फिरवत बसायची वेळ आली नसती. घड्याळ विकत घ्यायलाच हवं असं नाही, मोबाइलवर फुकटचं बुद्धिबळाचं घड्याळ मिळतं. त्यात दोन मिनिटं लावा, इन्क्रिमेंट शून्य, राजा आणि हत्ती घ्या, समोर कुणालाही एकटा राजा देऊन बसवा. आमच्याकडे जेवणानंतर हा कार्यक्रम असतो. एकटा राजा कायम माझ्याकडे. परवा भाच्यानं एक मिनिट दहा सेकंद राखून मात केली आणि विचारलं, "मामा, आता दोन घोड्यांनी करू?"